उपाशी बाईचा हिरवा चुडा

मैद्याची खळ शिजत आली की तिला एक गोडसर, कोंदट वास सुटतो. त्यात मोरचूद पडला की तोच वास एकाएकी थंड होतो, तांब्याच्या भांड्यात राहून गेलेल्या पाण्यासारखा. अमरावतीच्या आपल्या महाविद्यालयात दुपारचे तास संपल्यावर इतिहासाच्या लांबट खोलीतून हा वास व्हरांड्यात येऊ लागला, की मराठीच्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या मला कळायचे : तायडे सर चित्रे चिकटवायला बसले. स्टोव्हवर पातेली, हातात बांबूची काडी, समोर पुठ्ठ्याचे चौकोन. कसर लागू नये म्हणून मोरचूद. 'बाई, चित्रांना माणसांपासून वाचवता येत नाही, निदान किड्यांपासून तरी वाचवू,' असे तुम्ही म्हणायचात आणि आपणच म्हटलेले ऐकून थोडे संकोचायचात.

सर, तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. वर्तमानपत्रात तुमच्याविषयी आलेला मजकूर मी वाचला. जन्मगाव, पदव्या, पदे, विषय. सारे बरोबर आहे. फक्त त्या मजकुराला कसलाच वास नाही. म्हणून मी हे तुम्हालाच लिहिते आहे. तुमच्याविषयी लिहायला बसले की माझी वाक्ये ताठ होतात. तुमच्याशी बोलू लागले की ती पुन्हा चालू लागतात.

हुकूमशाही राजवटींतील आधुनिक चित्रकला हा विषय पातूरजवळच्या खेड्यातून आलेल्या माणसाने का घ्यावा, हे कोडे आपल्या महाविद्यालयात अनेकांना पडले होते. तुम्ही फार जणांना उत्तर दिले नाहीत. मला दिलेत, तेही खळ ढवळताना, माझ्याकडे न बघता. नागपुरात शिकत असताना रद्दीच्या दुकानात तुम्हाला एक पातळ जर्मन पुस्तिका सापडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नजरकैदेत गेलेल्या कुणा जर्मन पाद्र्याच्या सामानातून ती तिथे आली असावी. जर्मनीच्या सरकारने स्वतः भरवलेल्या प्रदर्शनाची ती पुस्तिका. नव्या चित्रकारांची चित्रे संग्रहालयांतून उचलून आणलेली, मुद्दाम वाकडी टांगलेली, भोवती भिंतीवर टिंगलीची वाक्ये रंगवलेली.

'लोकांना हसायला बोलावलं होतं, बाई. तिकीट नव्हतं. नुसतं यायचं आणि हसायचं.'

मग काडी पातेलीच्या कडेला निपटून तुम्ही म्हणालात, 'गावच्या शाळेत मला फळ्याशी एकटं उभं करत. बाकीच्यांना हसा म्हणून वेगळं सांगावं लागत नसे.'

एवढेच. पुढे कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मीही विचारले नाही. माझ्या न विचारण्याला तुम्ही सभ्यता समजलात की दूरपणा, हे आता कळायचे नाही.

त्या पुस्तिकेतून तुमचा सारा अभ्यास उगवला. कोश समोर ठेवून जर्मन शिकलात. आमच्या खोलीपर्यंत तुमचे उच्चार यायचे, बैलाला हाकारावे तसे. रशियात काय झाले, इटलीत काय झाले, ते इंग्रजी ग्रंथ मागवून वाचत गेलात. आणि आमच्याच विद्यार्थ्यांवर प्रयोग केलात. बी. ए.च्या वर्गात शिरताना तुम्ही एक चित्र भिंतीवर वाकडे टांगलेत आणि काही न बोलता खुर्चीवर बसलात. पोरे हसू लागली. हसू दिलेत. हसता हसता वर्ग थकला, तेव्हा चांदूर बाजारची एक मुलगी मुकाट्याने उठली, चित्र सरळ करून पुन्हा जागेवर जाऊन बसली. 'आजचा तास झाला,' म्हणून तुम्ही बाहेर पडलात. मला हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. पुढे डॉक्टरेटची पदवी मिळाली तेव्हाही तो इतका उजळलेला मी पाहिला नाही.

नागपूरला दीक्षा घेऊन तुमच्या घरची सारी माणसे परत आली, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. तुमच्या आईंनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले, हे कुठून तरी स्टाफरूममध्ये पोचले होते. आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी चहाच्या पेल्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, 'काय तायडे, घरचे देव पाण्यात, आणि परदेशातल्या मोडक्या चित्रांसाठी मात्र डोळ्यांत पाणी?' तुम्ही बशी खाली ठेवलीत. म्हणालात, 'माझ्या मायनं आपल्या हातानं सोडले, सर. कोणी दारात येऊन मागितले नव्हते.' आणि त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितलात. तुमच्या प्रबंधाचा गाभा मला पुढे कोणत्याही प्रकरणापेक्षा त्या वाक्यातून अधिक समजला. वस्तू राहिली की गेली, यापेक्षा ती कोणाच्या हाताने गेली, हा तुमचा प्रश्न होता.

आणि आता प्रबंधातल्या त्या पानाकडे येते, ज्यासाठी आपण इतकी वर्षे भांडलो.

पुस्तिकेतली चित्रे काळी-पांढरी होती. नंतर आलेल्या ग्रंथांतही बहुतेक तशीच. रंग फक्त मजकुरात असत, शब्द होऊन. तुम्हाला तेवढ्याने भागत नसे. लाल म्हणजे कुठला लाल? करडा म्हणजे राखेचा की ढगाचा? मी कवितेतली, म्हणून मला रंगांची नावे ठाऊक असणार, असा तुमचा भाबडा समज. खरे तर ती नावे मला कवितेने दिली नव्हती, पातळांनी दिली होती : अंजिरी, आमसुली, डाळिंबी, मोतिया, चिंतामणी. ती पुस्तकात भेटत नाहीत, गादीवर बसून उलगडून घ्यावी लागतात, असे मी म्हणाले आणि तुम्हाला बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात घेऊन गेले. त्या दिवसापासून ती आपली रीतच झाली. तुम्ही पुठ्ठ्यावरचे चित्र मांडीवर धरायचात, जर्मन मजकूर मराठीत सांगायचात, मी घडीवर बोट ठेवायची, आणि तुम्ही नाव लिहून घ्यायचात. कोऱ्या कापडाच्या कांजीचा वास, गजाचा टकटकाट, आणि आपल्याकडे संशयाने बघणारी गिऱ्हाइके.

शेटजींना सुरुवातीला वाटले, मास्तरांच्या घरी लग्नकार्य आहे. खरे कळल्यावर त्यांची करमणूक अधिकच वाढली.

'या मास्तर, या. आज कोनत्या चित्राले नेसवून राहिले?'

'हिरवे काढा, शेटजी. असतील नसतील तेवढे.'

'सगळे? बाप्पा! चित्रातल्या पोरीचं लगन ठरलं का काय?'

चित्र एका बाईचे होते. मोठे डोळे, उरावर दुमडलेले हात. तिचा चेहरा हिरवा आहे, एवढे मजकुरात म्हटले होते, आणि त्या हिरवेपणावरूनच राजवटीने तिची टर उडवली होती. शेटजींनी हसत हसत घड्या फेकल्या. पोपटी, शेवाळी, मेंदी, राघू. मी एका घडीवर हात ठेवला. ओल्या हरभऱ्याचा हिरवा होता तो, घाटा फोडल्यावर आत दिसतो तसा. तुम्ही ती घडी चित्राशेजारी धरलीत. मग म्हणालात, 'शेटजी बरोबर बोलले. हा लग्नाचाच हिरवा. चुड्याचा. पहिल्या महायुद्धानं उजाड झालेल्या देशात हा माणूस एका बाईला पुन्हा सवाष्ण करतो आहे. त्यांना हेच सोसलं नाही.' आपल्या तिघांनाही ते इतके पटले, की शेटजींनी चहा मागवला.

घरी जाऊन तुम्ही ते पान लिहिलेत. सर, ते फार सुंदर पान होते. मी आयुष्यभर कविता शिकवली, पण असे आठ-दहा ओळींत उमलत जाणारे गद्य मी थोडेच वाचले आहे.

पुढे मुंबईत एका परदेशी वकिलातीने रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन मांडले. तुम्ही रजा काढून गेलात. परतलात ते बडनेरा स्टेशनावरून थेट महाविद्यालयात, गाडीची धूळ अंगावर तशीच. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिलात.

'बाई, आपण चुकलो.'

'कशात?'

'ती बाई उपाशी आहे.'

मला काही उलगडेना. तुम्ही खुर्चीवर बसलात. मूळ चित्र कधीच नष्ट झाले होते, पण त्याआधी छापलेली एक रंगीत प्रत त्या प्रदर्शनात होती. 'साचलेल्या डबक्यावर धरतो तो हिरवा आहे. गालाखाली आपल्याला सावली वाटली होती ना? सावली नाही, तिथं गालच नाही. युद्धानंतरच्या उपासमारीतली बाई आहे ती.' तुम्ही दोन्ही हातांनी चेहरा पुसलात. 'आपण एका उपाशी बाईला हिरवा चुडा भरला, बाई.'

दुसऱ्या कोणी ते पान फाडले असते. मीही फाडले असते. तुम्ही ते होते तसे ठेवलेत आणि त्याच्याखाली पुढचा मजकूर लिहिलात : हे मी असे वाचले होते आणि ते चूक होते. चूक कशी झाली तेही लिहिलेत. काळी-पांढरी छपाई, कापडाचे दुकान, ओला हरभरा, लग्नाची थट्टा, काही म्हणजे काही गाळले नाहीत. जिथे हिरवा रंग मंगल आहे तिथला डोळा घेऊन मी गेलो आणि दुसऱ्याच्या भुकेवर माझा सण चढवला, असे तुम्ही लिहिलेत. बाहेरची राजवट एखाद्या चित्राला जे करते त्याची एक फार लहान, फार मायाळू आवृत्ती पाहणाराही करू शकतो, असेही.

परीक्षकांनी शेरा दिला, हे पान वगळावे. तुम्ही नाही म्हणालात. पदवी लांबत गेली. तुमच्या मागून आलेले पुढे गेले. तेव्हा आपले पहिले मोठे भांडण झाले.

'सर, लोक टपलेले आहेत. या एका पानावर ते सारा ग्रंथ मोडीत काढतील. दुसऱ्याची चूक ही नुसती चूक असते. तुमची...'

'बोला ना पुढचं. माझी चूक जातीवर जाते. असंच ना?'

'असंच.'

'म्हून मी खोटं लिहू? काहून लिहू?' रागावलात की तुमची भाषा पातूरच्या वाटेला लागायची. मग तुम्ही पाणी प्यायलात आणि हळू आवाजात म्हणालात, 'बाई, ज्यांनी ती चित्रं जप्त केली त्यांच्या याद्या बघा. चित्राचं नाव, माप, कुठल्या भिंतीवरून उतरवलं, सगळं बरोबर. बिनचूकपणाचं काय करता येतं ते त्यांनी दाखवून दिलं आहे. मला त्यांच्यासारखं बिनचूक व्हायचं नाही.'

मला ते पटले नाही. शेवटी एका मवाळ परीक्षकाने मध्यस्थी केली, पान परिशिष्टात गेले आणि पदवी मिळाली. पेढे देताना तुम्ही म्हणालात, 'ती बाई मागच्या दाराशी बसली आहे. ग्रंथ निघेल तेव्हा तिला पुढच्या खोलीत आणीन.'

मग तुम्ही अकोल्याच्या महाविद्यालयात गेलात. आईंना गावाहून आणलेत, दोन खोल्यांचे घर केलेत. जिनिंगच्या दिवसांत त्या घराच्या खिडकीच्या गजांवर कापसाची बारीक लव बसलेली असे आणि हवेला सरकीचा तेलकट वास असे. मी सुटीला यायची, आपण वाद घालायचो, आणि तुमच्या आई मधून मधून आत डोकावून म्हणायच्या, 'काहून भांडून राहिले रे पोट्टेहो? चाय घ्या, मंग भांडा.' आपल्या दोघांचेही केस पिकू लागले होते. त्यांच्या लेखी आपण पोट्टेच.

एक वाद तर तसाच राहिला. पोटासाठी, लेकरांसाठी ज्याने हुकूमशहाची तसबीर रंगवली, त्या चित्रकाराचे काय करायचे? मी म्हणायची, भुकेला माफी असते. तुम्ही म्हणायचात, 'भुकेला असते, बाई. पण त्या तसबिरीतलं आकाश त्यानं इतकं मन लावून रंगवलं आहे. आकाशासाठी कोणी जबरदस्ती केली होती?' पुढे एकदा तुम्हीच माझी बाजू घेतलीत आणि मी तुमची, आणि दोघांनाही हसू आले. तुम्ही मला आकाशाचे ते चित्र पुन्हा दाखवणार होतात. मी उन्हाळ्यात येणार होते.

उन्हाळ्याआधीच तार आली.

ग्रंथाची मुद्रणप्रत तुम्ही पुरी केली होती. ती बाई तुम्ही म्हणाला होतात तशी पुढच्या खोलीत आणली होती, थेट चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर. प्रकाशकांनी मला विचारले आहे. मुद्रिते मी तपासणार हे तुम्ही त्यांना आधीच कळवून ठेवले होते, मला न विचारता, नेहमीप्रमाणे. त्यांचे म्हणणे सौम्य आणि शहाणपणाचे आहे : लेखक आता खुलासा करायला नाही, अशा वेळी त्याच्या नावावर त्याचीच चूक का छापावी? ते पान गाळल्याने ग्रंथाला बाध येत नाही. सर, हे तर माझेच शब्द होते. इतकी वर्षे मी हेच म्हणत होते. आणि आता एका रेघेने ते पान काढायचा अधिकार माझ्या हातात होता, आणि समोर भांडायला तुम्ही नव्हतात. तुमच्याशी भांडण जिंकण्याची ही रीत मला अतिशय उदास वाटली.

ते पान मी छापायला दिले आहे. शब्दाला शब्द, चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर. तुमचा युक्तिवाद मला पटला, असे मात्र समजू नका. मला अजूनही वाटते की लोक त्या पानावर बोट ठेवतील आणि काही जण फार निर्दय हसतील. ते मला सोसावे लागेल. तुम्हाला नाही, एवढे एक बरे. पण पान देण्याआधी मी अकोल्याला जाऊन आले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

घरात धूप नव्हता, फुले नव्हती. भिंतीवर तुमची तसबीरही नव्हती. आईंनी कोणालाही लावू दिली नाही म्हणे. ओट्यावर त्या सूप घेऊन तूर पाखडत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. शेजारणीने मला दारातच सांगितले. मी जवळ बसले. म्हणाले, 'माय, सरांच्या पुस्तकातलं एक पान आहे. काढून टाका म्हणतात. तुम्ही ऐका एकदा.'

त्यांनी सूप थांबवले नाही. मी वाचू लागले. तुमची मराठी त्यांच्यासाठी थोडी सोपी करत गेले. हरभऱ्याच्या घाट्याचा हिरवा आला, लग्नाचा चुडा आला. मग मुंबई आली आणि ती बाई उपाशी निघाली. सूप थांबले.

'म्हंजे ते भुकेनं हिरवी पडली व्हती?'

'हो, माय.'

'अन् यानं तिले सवाशीन केली?'

'हो.'

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओठ थरथरले. मला वाटले, आता रडतील. आणि सर, त्या हसल्या. पदर तोंडाशी नेला, तरी हसू आवरेना. खांदे हलू लागले, सुपातली तूर ओट्यावर सांडली. 'अरे माह्या राज्या! लहानपनी बी असाच व्हता ना! वावरात गेला का बुजगावन्याले मामा म्हने. भाकर नेऊन ठेवे त्याच्यासमोर. म्या म्हनो, अरे येड्या, थो खात नाही. त म्हने, भुका असन त खाईन.' त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते कोणते पाणी हे सांगणे मला शक्य नव्हते. मीही हसू लागले. शेजारीण घाबरून दारात आली, आणि आम्हा दोघींना तशा पाहून परत गेली.

पुष्कळ वेळाने सारे शांत झाले. त्या सांडलेले दाणे गोळा करू लागल्या. मला वाटले, झाले, त्या दमल्या असतील. उरलेला मजकूर न वाचताच मी पाने आवरून पिशवीत ठेवू लागले, तशी त्यांनी माझे मनगट धरले, सूप बाजूला सारले, भिंतीला टेकून नीट बसल्या आणि म्हणाल्या,

'वाच.'